लघु संतर्पण : जव्हार-मोखाड्यातील कृश बालक आणि स्नेहाचा पचनमार्ग

भाद्रपद सरत आला की मोखाडा तालुक्यातील पाड्यांवरच्या कणग्या तळाला जातात. नागली आणि वरई डोंगरउतारावर अजून उभी असते, भात निसवत असतो, खुरासणीला पिवळे फूल यायचे असते. शेतात सर्व काही आहे आणि घरात काही नाही, असे हे दिवस. टाकळा, कुर्डू यांसारख्या रानभाज्यांनी पोट भरते. परंतु त्या भाजीला फोडणी द्यायला तेल किती घरांत असते, हा प्रश्न आम्ही वैद्यमंडळी सहसा विचारीत नाही. आम्ही नाडी पाहतो, जिव्हा पाहतो, अग्नीविषयी विचारतो. तेलाच्या बुधलीत डोकावत नाही.

काही वर्षांपूर्वी याच दिवसांत जव्हारजवळच्या एका पाड्यावर आरोग्य शिबिरासाठी गेलो असताना एका मातेने दोनेक वर्षांचे मूल आमच्यापुढे ठेवले. नितंबांवरची कातडी सुरकुतलेली, बरगड्या मोजता येतील अशा, केस विरळ व तांबूस, चेहरा म्हाताऱ्यासारखा. “पोरगा खात नाय,” एवढेच ती बोलली. बालशोषाचे चित्र इतके स्पष्ट होते की विचार करण्याची आवश्यकताच आम्हाला वाटली नाही. रूक्षाला स्निग्ध, क्षीणाला बृंहण, हे सूत्र हाताशी होते आणि पेटीत अश्वगंधाघृत होते. चमचा-चमचा दोन वेळा द्यावे असे सांगून आम्ही पुढच्या रुग्णाकडे वळलो.

चौथ्या दिवशी निरोप आला. मुलाला पांढरट, चिकट, तेलकट मळाचे जुलाब होत होते, पोट फुगले होते आणि अंग गार पडत होते. त्यास तातडीने रुग्णालयात हलविण्यात आले आणि तेथील परिचारिकांच्या कष्टाने ते वाचले. आमच्या घृतात दोष नव्हता. ते उत्तम सिद्ध होते, ताजे होते, मात्राही ग्रंथोक्त मर्यादेत होती. चूक आमची होती. ती कोठे झाली हे समजून घेण्यासाठी स्नेह मुखातून पेशीपर्यंत कसा जातो व तेथे त्याचे काय होते, याचा अभ्यास आम्हाला पुन्हा पहिल्या धड्यापासून करावा लागला. प्रस्तुत लेख हे त्या अभ्यासाचे टिपण आहे.

स्नेहाचे हमाल

प्रथम शब्दाविषयी. ‘फॅटी ॲसिड’ या संज्ञेसाठी मराठी ग्रंथांत वसाम्ल आणि मेदाम्ल असे दोन्ही शब्द आढळतात. आपल्या परिभाषेत वसा हा चार स्नेहांपैकी एक आणि मांसाचा उपधातू असल्याने वसाम्ल हा शब्द वैद्याला चकवतो. म्हणून येथे मेदाम्ल हाच शब्द वापरीत आहोत. तूप असो, तिळाचे तेल असो की मोहाचे, त्यातील बहुतांश भाग एकाच घडणीचा असतो : ग्लिसरॉलच्या एका कण्यास तीन मेदाम्ले जोडलेली. ही जोडणी सोडविल्याखेरीज आतड्याची भिंत स्नेहाला आत घेत नाही.

सोडविण्याचे काम जठरातच थोडे सुरू होते, मुख्यतः मात्र ते ग्रहणीत होते. पित्ताशयातून येणारे पित्तक्षार स्नेहाचे सूक्ष्म थेंब करतात. स्वादुपिंडातून येणारा लायपेज हा पाचक स्राव त्या थेंबांच्या पृष्ठभागावर बसून दोन मेदाम्ले सुटी करतो. सुटी झालेली मेदाम्ले पित्तक्षारांच्या वेष्टनात आतड्याच्या अंकुरांपर्यंत जातात, आत शिरतात, आत पुन्हा जुळतात आणि ॲपोप्रथिन-बी या प्रथिनाच्या आवरणात बांधली जाऊन ‘कायलोमायक्रॉन’ या कणांच्या रूपाने लसीकावाहिन्यांत उतरतात. पुढे वक्षनलिकेतून मानेच्या डाव्या बाजूच्या शिरेत आणि तेथून हृदयात. साखर आणि प्रथिनांचे घटक प्रतिहारिणी शिरेने आधी यकृतात जातात. लांब साखळीचा स्नेह मात्र यकृताला वळसा घालून प्रथम हृदयात पोहोचतो. रसाचे स्थान हृदय मानणाऱ्या आम्हाला हा मार्ग वाचून आनंद झाला, हे कबूल करतो. परंतु अशा साम्यावर मोठे इमले बांधू नयेत, हेही तितकेच खरे.

आता या मार्गावर तीव्र कुपोषित बालकाची काय अवस्था असते ते पाहावे. स्वादुपिंड सुकलेले असते, त्यामुळे लायपेज कमी. पित्तक्षार कमी. लघ्वंत्रात नको तेथे जंतूंची वाढ झालेली असते व ते जंतू असलेले पित्तक्षारही निकामी करतात. आतड्याचे अंकुर झिजून सपाट झालेले असतात. ॲपोप्रथिन बनविण्यास लागणारी अमिनो आम्ले अन्नातून आलेली नसतात. रक्तात आलेल्या कणांतून मेदाम्ले सोडवून घेणारा केशवाहिन्यांतील लायपेजही प्रथिनच, आणि सुट्या मेदाम्लांना रक्तातून वाहून नेणारे अल्ब्युमिनही प्रथिनच. पेशीत शिरल्यावर मेदाम्लांना ऊर्जाकेंद्राच्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्या, आतील आवरणातून पार नेणारे कार्निटिन शरीर लायसिन व मेथिओनिन या अमिनो आम्लांपासून बनविते. त्यासाठी लोह आणि क जीवनसत्त्व लागते. भात-नागलीवर वाढलेल्या शरीरात लायसिनच अपुरे.

थोडक्यात, स्नेह स्वतः चालत नाही. त्याला उचलून नेणारा प्रत्येक हमाल प्रथिनाचा आहे. आम्ही त्या मुलाला माल दिला आणि हमाल मात्र आधीच उपाशी होते. न उचललेला माल आतड्यात पडून राहिला आणि तेलकट जुलाबांच्या रूपाने बाहेर पडला. जाताना थोडेफार पाणी, क्षार आणि स्नेहात विरघळणारी जीवनसत्त्वेही घेऊन गेला.

धातूंच्या क्रमात मांस आधी व मेद नंतर, हे आपण विद्यार्थिदशेत पाठ करतो. तो क्रम आणि हा प्रथिनांचा हिशोब एकच आहेत असे आम्ही म्हणणार नाही. पण या क्रमाची आठवण त्या शिबिरात झाली असती तर हात थांबला असता.

पेशीतील अग्नी

मेदाम्ल पेशीत कसे जळते याचा पहिला सुगावा १९०४ साली जर्मनीत फ्रान्झ क्नूप यांना लागला. त्यांची युक्ती मोठी साधी होती. मेदाम्लाच्या शेपटीला शरीर ज्याचे विघटन करू शकत नाही असे एक वलय, फिनाइल गट, त्यांनी चिकटविले, ते कुत्र्यांना खाऊ घातले आणि मूत्रात काय उतरते ते पाहिले. साखळी सम संख्येची असली की एक पदार्थ, विषम असली की दुसरा. मधले काही नाही. यावरून शरीर ही साखळी एकेक कार्बनाने नव्हे तर दोन-दोन कार्बनांनी तोडते, हे त्यांनी ताडले. या क्रियेला बीटा-ऑक्सिडेशन म्हणतात. ती मायटोकॉन्ड्रियात घडते हे केनेडी व लेनिंजर यांनी १९४० च्या दशकाअखेरीस दाखविले, आणि तुटून निघणारा दोन कार्बनांचा तुकडा म्हणजे ॲसिटिल-कोएन्झाइम-ए, हे १९५१ मध्ये फिओडोर लिनेन यांच्या प्रयोगशाळेतून स्पष्ट झाले. लिनेन यांना १९६४ चे नोबेल पारितोषिक कोनराड ब्लॉक यांच्यासह मिळाले.

सोळा कार्बनांच्या पामिटिक आम्लाचा हिशोब पाहू. सात वेळा तोड, आठ तुकडे. हे तुकडे पुढे क्रेब्ज चक्रात जळून, प्रारंभीचा खर्च वजा जाता, १०६ एटीपी देतात (जुन्या पुस्तकांत हा आकडा १२९ असे, मोजणीची पद्धत बदलली आहे). एका ग्लुकोजपासून ३० ते ३२ मिळतात. ग्रॅममागे स्नेहाचे ९ आणि धान्याचे ४ उष्मांक हा शाळेतील आकडा या हिशोबाशी जुळतो. लहान पोटात अधिक ऊर्जा बसवायची तर स्नेहावाचून गत्यंतर नाही. आमच्या चुकीमागचा तर्क इथपर्यंत बरोबरच होता.

परंतु दोन गोष्टी राहतात. पहिली ही की क्रेब्ज चक्र चालू राहण्यास ऑक्झॅलोॲसिटेट नावाचा एक घटक सतत हाताशी असावा लागतो, आणि उपासमारीत यकृत तोच घटक साखर बनविण्यासाठी खर्ची घालते. मग तुकडे साचतात, यकृत त्यांपासून कीटोन द्रव्ये बनविते, आणि मेंदू व स्नायू त्यांवर काही काळ निभावतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. सम संख्येच्या मेदाम्लांपासून मानवी शरीर साखर बनवू शकत नाही. ग्लिसरॉलच्या कण्यापासून थोडी बनते, एवढेच. लाल रक्तपेशींत मायटोकॉन्ड्रियाच नसतात, त्यांना साखरच हवी. मेंदू मेदाम्ले जाळीत नाही, त्याला साखर किंवा कीटोन हवेत. निरोगी मोठा माणूस स्नायूंतील प्रथिन मोडून साखर बनवितो व आठवडे काढतो. या मुलाकडे मोडायला मांस उरलेले नसते, साठवायला मेद नसतो आणि यकृतातील शर्करासंचय काही तासांतच संपतो.

ही मुले बहुधा पहाटे दगावतात, असा अनुभव या भागात काम केलेले अनेक जण सांगतात. संध्याकाळी सातला पेज, त्यानंतर दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत काही नाही. त्यात कुडाच्या भिंती, ओले अंथरूण आणि डोंगरावरचा पाऊस. तान्ह्या बालकाच्या पाठीत व मानेत असणारा तपकिरी मेद हा केवळ उष्णतेसाठीच मेदाम्ले जाळतो. कुपोषणात तोही आटलेला असतो. साखर घसरते, शरीर गार पडते, आणि यांतील एक दिसले की दुसरे आहेच असे समजून उपचार करावा असे जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शिका सांगते. रक्तशर्करा १०० मिलिलीटरमागे ५४ मिलिग्रॅमपेक्षा खाली, अथवा काखेतील तापमान ३५ अंश सेल्सियसपेक्षा खाली, ही धोक्याची रेषा. आमच्यापैकी किती जणांच्या पेटीत तापमापी असते? असल्यास ती ज्वर मोजण्यासाठी असते, गारवा मोजण्यासाठी नाही.

येथे औषधालयचालकांसही एक विनंती. पाड्यावरून आलेल्या मातेच्या कडेवरचे मूल गार व मलूल दिसले तर घृत, च्यवनप्राश, बाळगुटी यांचे दर सांगण्यापूर्वी एक गोल चमचा साखर सुमारे ५० मिलिलीटर पाण्यात विरघळवून द्यावी, मूल मातेच्या छातीशी उघड्या अंगाने धरायला लावून वरून पांघरूण घालावे व लगेच रुग्णालयात धाडावे. मूल शुद्धीवर नसेल तर तोंडाने काहीही देऊ नये. जव्हारला पतंगशहा कुटीर रुग्णालय आहे, मोखाड्यालाही ग्रामीण रुग्णालय आहे.

दोन चित्रे, एक मोह

उपाशी बालकांची दोन चित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. एक सुकलेले, आमच्या वरील मुलासारखे. दुसरे सुजलेले : पाय व चेहरा फुगलेले, कातडी सोलवटलेली, यकृत वाढलेले, मूल चिडचिडे. दुसऱ्याचे वर्णन ब्रिटिश डॉक्टर सिसिली विल्यम्स यांनी आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घाना, येथून १९३३ साली केले व पुढे त्याला तेथील स्थानिक भाषेतील ‘क्वाशिओरकर’ हे नाव दिले. त्या मुलाच्या यकृतात मेद साचलेला असतो. अन्नात तेलाचा थेंब नाही आणि यकृत मात्र मेदाने भरलेले, हे कोडे वरवर विचित्र दिसते. यकृतातून मेद बाहेर नेणाऱ्या कणांसही ॲपोप्रथिन लागते, ते नसल्याने मेद अडकतो, असे पूर्वापार सांगितले जाते. नंतरच्या अभ्यासांत यकृतपेशीतील मेदाम्ले जाळणारी केंद्रेच बिघडलेली आढळली. जमैकातील संशोधकांना असेही दिसले की सुकलेली मुले आपला मेद वेगाने मोडून जाळतात, तर सुजलेल्या मुलांत ही क्रिया मंदावलेली असते. दोन्ही मुले उपाशी, परंतु मेदाचा अग्नी दोघांत एकसारखा नाही. वैद्याला ही भाषा परकी वाटू नये.

सूज पाहिली की पुनर्नवामंडूर लिहिण्याचा मोह होतो. तो आवरावा. मंडूर म्हणजे लोह. तीव्र कुपोषणाच्या प्रारंभीच्या टप्प्यात लोह देऊ नये, भूक परतून वजन वाढू लागल्यावरच द्यावे, हा आता सर्वमान्य नियम आहे. या बालकांत जंतुसंसर्ग बहुधा असतोच, लोह बांधून ठेवणारी प्रथिने कमी असतात आणि सुटे लोह पेशीआवरणातील असंतृप्त मेदाम्लांचे ज्वलन भलत्याच जागी पेटविते. मूत्रल द्रव्यांनी ही सूज उतरविणेही घातक ठरते. प्रौढाच्या शोथात उपकारक ठरणारा कल्प येथे अपकारक ठरतो. हे ज्या विक्रेत्याने एका तरी मातेला समजावून सांगितले, त्याने दिवसाची कमाई केली असे आम्ही मानतो.

चरकांनी सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल व अतिकृश यांची तुलना केली आहे आणि स्थूलतेपेक्षा कृशता बरी असा निर्वाळा दिला आहे. हे वचन कित्येकदा संदर्भ सोडून सांगितले जाते. तेथे दोघांची साधनसामग्री सारखी आहे असे गृहीत धरलेले आहे. पाड्यावरचे मूल त्या गृहीतकात बसत नाही. त्याच अध्यायात पुढे उपचाराचे सूत्र येते : स्थूलाला गुरू परंतु अपतर्पण करणारे द्यावे, कृशाला संतर्पण करणारे परंतु लघू. आम्ही त्या दिवशी ‘संतर्पण’ लक्षात ठेवले व ‘लघू’ विसरलो. सर्व चूक एवढीच.

आधुनिक उपचारपद्धतीतही हाच विवेक दिसतो. पोषण पुनर्वसन केंद्रात प्रथम दिल्या जाणाऱ्या एफ-७५ या दुधाच्या द्रवात १०० मिलिलीटरमागे ७५ उष्मांक आणि केवळ ०.९ ग्रॅम प्रथिन असते, आणि ऊर्जेचा ३२ टक्के भाग स्नेहाचा असतो. तो दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, थोडा थोडा पाजतात. भूक परतली, सूज उतरू लागली की एफ-१०० सुरू होतो : १०० उष्मांक, २.९ ग्रॅम प्रथिन आणि स्नेहाचा वाटा ५३ टक्के. म्हणजे स्नेह वर्ज्य नाही. त्याचा क्रम लावलेला आहे. आपला पेयादि संसर्जनक्रम आठवावा. पेया, विलेपी, मग अकृत यूष, मग कृत यूष. अकृत म्हणजे स्नेह, लवण व कटू द्रव्यांवाचूनचा. कृत म्हणजे त्यांनी संस्कारित. शोधनाने क्षीण झालेल्या अग्नीसाठी सांगितलेला हा क्रम उपासमारीने क्षीण झालेल्या अग्नीस जसाच्या तसा लावावा असे नव्हे. तीव्र कुपोषित मुलावर केवळ पेयेचा प्रयोग करीत बसणे धोक्याचे आहे, त्याला केंद्रातच नेले पाहिजे. परंतु केंद्रातून परतलेल्या, अथवा मध्यम कुपोषित असलेल्या मुलाच्या आईशी बोलताना हा क्रम फार उपयोगी पडतो. पातळ मुगाचे यूष आज बिनतेलाचे, दोन दिवसांनी चमचाभर तेलाचे, असे सांगितले की तिला समजते. ‘उष्मांक वाढवा’ असे सांगितलेले समजत नाही.

अंगणवाडीसेविकांकडे दंडघेर मोजण्याची रंगीत फीत असते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी, अथवा दोन्ही पावलांवर दाबल्यास खळगा पडणारी सूज, यांपैकी काहीही असले तर ते मूल तीव्र कुपोषित. त्यातही भूक मेलेली असेल तर घरी उपचार नाहीच. ही फीत प्रत्येक वैद्याने आपल्या टेबलाच्या खणात ठेवावी.

खुरासणी, मोहटी आणि पाकिटातले तेल

जव्हार-मोखाड्याच्या लोकांपाशी स्वतःचा स्नेह नव्हता असे नाही. नागली-वरईच्या जोडीने उतारावर येणारी खुरासणी (देशावर तिला कारळे म्हणतात) हे येथील हक्काचे गळिताचे पीक. मोहाच्या फळांना येथे दोडे म्हणतात. त्यांतील बिया, म्हणजे मोहट्या, ज्येष्ठ-आषाढात वेचून वाळवायच्या व घाण्यावर नेऊन तेल काढायचे, ही जुनी रीत. चरकांनी स्नेहाध्यायात स्थावर स्नेहांच्या उगमांची जी यादी दिली आहे तीत मधूक आहे. खुरासणी नाही, ती मूळची इथिओपियाची. गाई आहेत, परंतु या पट्ट्यातील डांगी जात पावसात व चिखलात राबण्यासाठी प्रसिद्ध आहे, दुधासाठी नाही. त्यामुळे घृताचे व्यवस्थापत्र येथील घराला बहुधा बाजारात पाठविते.

खुरासणीच्या तेलात निम्म्याहून अधिक लिनोलेइक आम्ल असते. हे मेदाम्ल शरीर स्वतः बनवू शकत नाही. त्याच्या अभावी उंदरांची वाढ खुंटते व कातडी खवल्यांसारखी होते, हे बर दांपत्याने १९२९ च्या सुमारास अमेरिकेत दाखविले आणि ‘आवश्यक मेदाम्ल’ ही कल्पना रुजली. मोहटीचे तेल निराळे : त्यात ओलेइक, पामिटिक व स्टिअरिक या आम्लांचे प्राधान्य, म्हणून ते थंडीत थिजते, लिनोलेइक थोडेच. जळण म्हणून दोन्ही तेले सारखीच, ग्रॅममागे ९ उष्मांक. मात्र मेदाम्लांचे काम केवळ जळणे नाही. पेशींची आवरणे, मेंदूची वाढ, त्वचेची पाणी धरून ठेवण्याची शक्ती ही कामे ठरावीक मेदाम्लांवाचून होत नाहीत. आज पाड्यावरच्या घरांत येते ते बहुतांशी पाकिटातले तेल, पुष्कळदा पामतेल. २०२२ च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ म्हणून राज्यभर वाटलेल्या संचातही पामतेलच होते. त्यात पामिटिक आम्ल सुमारे ४४ टक्के व लिनोलेइक सुमारे १० टक्के. उपाशी घरात पामतेलही स्वागतार्ह आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु कार्तिकात खुरासणी व्यापाऱ्याला घालायची आणि आषाढात पामतेल विकत आणायचे, हा व्यवहार आम्ही ज्या घरी पाहिला त्या घरी तो तोट्याचाच होता, पैशानेही आणि मेदाम्लांनीही.

याचा सर्वांत नाजूक धागा मातेच्या ताटातून जातो. स्तन्याच्या ऊर्जेचा जवळजवळ निम्मा भाग स्नेहाचा असतो, आणि त्या स्नेहात लिनोलेइक आम्ल किती हे माता काय खाते यावर अवलंबून असते. शिवाय स्तन्यात स्वतःचा एक लायपेज असतो, जो बालकाच्या ग्रहणीत पित्तक्षारांच्या संपर्कात आल्यावर कामाला लागतो. ज्याचे स्वादुपिंड अजून कच्चे आहे अशा तान्ह्यासाठी स्नेह आणि त्याचा पाचक एकाच घोटात येतात. उकळलेल्या वरच्या दुधात तो पाचक उरत नाही. काश्यपांनी फक्क रोगाचे क्षीरज, गर्भज व व्याधिज असे तीन प्रकार केले, त्यांतील क्षीरज प्रकारात दोष मातेच्या दुधात शोधला आहे. सहा महिन्यांच्या आतील कृश बालकाचे व्यवस्थापत्र लिहिताना आमचा पहिला प्रश्न आता मातेला असतो : बाई, भाकरीबरोबर काय खाल्ले? खुरासणीची चटणी दोन वेळा ताटात आली तरी पुष्कळ झाले. गर्भिणी व स्तनदा मातांसाठी २०१५ साली आदिवासी भागात सुरू झालेल्या अमृत आहार योजनेतील गरम जेवणाकडेही आम्ही याच दृष्टीने पाहतो. ते जेवण मातेच्या पोटात जाते की डब्यातून घरी जाऊन पाच जणांत वाटले जाते, हे वैद्याने विचारलेच पाहिजे.

अभ्यंगाविषयी थोडेच. २००५ मध्ये ढाक्यातील एका रुग्णालयात अकाली जन्मलेल्या बालकांच्या त्वचेला सूर्यफुलाचे तेल हलक्या हाताने लावल्याने रुग्णालयीन जंतुसंसर्ग कमी झाल्याचे प्रसिद्ध झाले. सूर्यफुलाच्या तेलातही लिनोलेइक भरपूर असते. यावरून खुरासणीचे तेलही तसेच गुणकारी ठरेल असे म्हणण्याची घाई करू नये. पण हा विषय पदव्युत्तर प्रबंधाला योग्य आहे, नेहमीच्या सहा-सात विषयांच्या पुनरावृत्तीपेक्षा खचितच.

रसशाळा व औषधालये चालविणाऱ्या आमच्या बंधुभगिनींसाठी या मेदाम्लांचा एक निराळाच अर्थ आहे. ज्या असंतृप्त बंधांमुळे खुरासणीचे तेल शरीराला मोलाचे, त्याच बंधांवर हवेतील प्राणवायू प्रथम हल्ला करतो. ते लवकर खवट होते. पारदर्शक बाटलीत, खिडकीशी, अर्धे भरलेले तेल ठेवणे म्हणजे पेरॉक्साइड तयार करण्याची सोय करणे होय. तिळाच्या तेलात खुरासणीच्या तेलाची भेसळ होते, म्हणून कच्चे तेल घेताना वासावर व रंगावर विसंबू नये, आम्लमूल्य व पेरॉक्साइडमूल्य तपासून घ्यावे. स्नेहसिद्धीची लक्षणे आपण जाणतोच : तेलाला फेस येतो, तुपाचा फेस शमतो, कल्काची वात वळते, अग्नीत टाकल्यास तडतडत नाही. ही लक्षणे पाण्याचा अंश गेला हे अचूक सांगतात. तेल मुळात जुने होते काय, हे सांगत नाहीत. शार्ङ्गधरांनी निरनिराळ्या कल्पांना निरनिराळी वीर्यमर्यादा घातली ती उगीच नव्हे. निरोगी माणसाचे यकृत खवट तेलाचा भार सोसते. ज्या बालकाच्या शरीरात ई जीवनसत्त्व नाही, प्रथिन नाही, त्याला दिलेला खवट स्नेह औषध राहत नाही.

वजन वाढविणारी चूर्णे व पाक यांच्या रंगीत डब्यांबद्दल काय बोलावे? ज्याला भूक आहे पण अन्न नाही, त्याला अन्न हवे. ज्याला अन्न आहे पण भूक नाही, त्याची तपासणी हवी. डबा या दोहोंपैकी कोणाच्याही कामाचा नाही, आणि त्याच्या किमतीत महिनाभराचे शेंगदाणे व अंडी येतात. आमच्या परिचयाच्या एका औषधविक्रेत्याने असे डबे दर्शनी फडताळातून काढून मागे ठेवले. त्याचा गल्ला थोडा उतरला असे तो म्हणाला, फार नाही.

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे शंभराहून अधिक बालके दगावली तेव्हा हा भाग प्रथम वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आला. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि २०१६ साली मोखाड्यातील बालमृत्यूंनी तो पुन्हा पहिल्या पानावर आणला. दोन्ही वेळी चर्चा शासनाची झाली, ती व्हावयास हवीच होती. आमच्या व्यवसायाने त्या गावांत काय लिहून दिले, काय विकले, कोणाला वेळेवर पुढे धाडले, याची नोंद मात्र कोठे झालेली नाही. संघटनेच्या जव्हार-मोखाडा-विक्रमगड भागातील सभासदांनी येत्या पावसाळ्यात एक साधी वही ठेवावी : मुलाचा दंडघेर, पावलांवरील सूज, भूक, काखेतील तापमान, घरात तेल कोणते व किती, आणि आपण काय दिले. नाव लिहिण्याची आवश्यकता नाही.

ते मूल आम्हाला पुन्हा भेटले ते अश्विनात. केंद्रातून येऊन त्यास तीन आठवडे झाले होते. उतारावर खुरासणी फुलली होती आणि ते आजीच्या मांडीवर बसून नागलीची भाकरी कुस्करलेल्या वरणाबरोबर खात होते. आईने विचारले, “आता ते तूप देवं का?” आमच्या पेटीत त्या दिवशीही घृत होते. आम्ही बुधली मागविली. तळाशी बोटभर खुरासणीचे तेल होते, मागच्या वर्षीचे. वास घेतला, खवट होते. ते दिव्याला ठेवायला सांगितले आणि नवे पीक घाण्यावरून येईपर्यंत रोज मूठभर शेंगदाण्याचे कूट वरणात घालायला सांगितले. घृताची पाळी त्यानंतर, पाव चमच्यापासून.